गेटवरचे एकशे बावन्न

दिवाळीनंतरच्या दिल्लीत माणूस सकाळी उठल्यावर देवाला हात जोडत नाही, आधी मोबाइल उघडतो. हवा किती खराब आहे त्याचा आकडा बघतो. या आकड्याला इथं दुधाचे दात न पडलेली पोरंसुद्धा एक्यूआय म्हणतात. दीडशेपर्यंत असला तर चला, निभावलं. तीनशेच्या वर गेला की म्हाताऱ्यांनी, पोरांनी घरात बसावं. चारशेच्या वर गेला की सगळ्यांनीच बसावं, असं डॉक्टर लोक सांगतात. पण सगळे बसले तर दिल्ली चालवायची कोणी? म्हणून कोणीच बसत नाही.

तर त्या नोव्हेंबरात अख्खं गुडगाव चारशेच्या वर खोकत होतं, आणि सोहना गावाच्या रस्त्यावरच्या सुकृत विद्यापीठाच्या गेटवर मात्र छान पिवळ्या अक्षरांत आकडा झळकत होता, एकशे बावन्न. कधी एकशे अठ्ठेचाळीस, कधी एकशे साठ, पण फिरून तिथंच. खाली लिहिलेलं, 'आपण स्वच्छ हवेच्या परिसरात प्रवेश करत आहात'. ॲडमिशनला आलेले आईबाप त्या फलकाखाली उभे राहून फोटो काढत. कुलगुरू दर भाषणात सांगत की ही आमच्या अकरा हजार झाडांची कृपा. त्यातली निम्मी झाडं अजून गुडघ्याएवढी होती, पण भाषणात झाडाची उंची कोण विचारतं!

या फलकावर सगळ्यांत जास्त जीव होता तो क्षिप्रा आठल्येचा. क्षिप्रा म्हणजे तिथली कायद्याची प्राध्यापक, वय चव्वेचाळीस, लंडनला जाऊन मानवी हक्कांवर डॉक्टरेट करून आलेली. जन्म दिल्लीतल्या सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधला, वडील मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बोलायची मराठी, पण मधे मधे बिल्कुल आणि अच्छा पेरल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. दोन हिवाळ्यांपूर्वी लायब्ररीसमोर झाडू मारणारी एक बाई धुरकट हवेत चक्कर येऊन पडली, आणि क्षिप्रानं आकांडतांडव केलं. आठ महिने मीटिंगा, भांडणं, रुसवेफुगवे. शेवटी विद्यापीठाच्या नियमांत तिनं स्वतःच्या हातानं कलम सात घातलं. गेटवरच्या फलकावर आकडा तीनशेच्या वर गेला, की उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गार्ड असो, माळी असो की झाडूवाला, आत येऊन बसायचा हक्क. आणि तो दिवस पूर्ण कामाचा धरायचा. असं कलम देशात कुठल्या विद्यापीठात नाही म्हणून वर्तमानपत्रात आलं. क्षिप्राला एका परिषदेत शाल मिळाली. तो फोटो कायदा विभागाच्या कॉरिडॉरमध्ये लावला होता, आणि ती रोज त्याच्यावरून जाताना न बघितल्यासारखं करून बघायची.

पहिल्या हिवाळ्यात फलक तेवीस दिवस तीनशेच्या वर गेला. तेवीस दिवस माळी आणि गार्ड कँटीनमध्ये खुर्चीवर मांडी घालून चहा पीत बसले. क्षिप्राला तेव्हा जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. आणि या हिवाळ्यात? एकदासुद्धा नाही. तिला वाटलं, झाडं वाढली. अहो, इतकी शिकलेली बाई, पण मनासारखं ऐकायला मिळालं की तीसुद्धा पुढचा प्रश्न विचारत नाही.

आता हिंमतराव. सुभेदार हिंमतराव जगदाळे, साताऱ्याकडचे, तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेली. शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटला झाली, मुलांच्या शाळा इथं, म्हणून इथंच राहिले. विद्यापीठाच्या मुख्य गेटचे ते प्रमुख. सकाळी सहा ते दुपारी दोन ते त्या फलकाखाली उभे असायचे. खुर्ची दिलेली होती, ते बसत नसत. दर वर्षी चौदा जानेवारीला पहिली बस पकडून पानिपतला, मराठे पडले त्या काला अंबला जायचे आणि शेवटचे दोन कोस अनवाणी चालायचे. क्षिप्रानं चार वर्षं त्यांना शब्द दिला होता की पुढच्या वेळी मी येते, आणि चार वर्षं ती गेली नव्हती. लोकांसमोर ते तिला मॅडम म्हणत, एकटी भेटली की ताई.

त्या महिन्यात त्यांना खोकला लागला होता. साधासुधा नाही, पोटातून येणारा, माणसाला वाकवणारा. क्षिप्रा रोज गाडी थांबवून रागवायची. एका सकाळी तिनं काच खाली करून मोबाइलच त्यांच्यापुढं धरला.

"सुभेदारसाहेब, मास्क लावा. हे बघा, चारशे चाळीस दाखवतंय."

"ताई, तो कुठला दाखवतो ते त्यालाच माहीत. आपलं यंत्र हे." त्यांनी वर बोट केलं. "अठ्ठावीस वर्षं डायल बघून तोफ लावली. यंत्रावर भरवसा नाही तो माणूस तोफखान्यात दोन दिवस टिकत नाही."

क्षिप्रानं विज्ञान विभागात एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, मोबाइल लांबच्या केंद्राचा आकडा घेतो, कॅम्पसचा वेगळा असू शकतो. असू शकतो, एवढंच म्हणाला बिचारा. ती अच्छा म्हणाली आणि विषय संपला.

आणि शरबतीचं प्रकरणही असंच संपलं होतं. शरबती बागेत काम करायची, शेजारच्याच गावची, पन्नाशीची हरियाणवी बाई. दहा दिवसांपूर्वी ती सकाळी अकरा वाजता खुरपं टाकून सरळ कँटीनमध्ये जाऊन बसली. म्हणाली, छाती भरून आली, श्वास आत जात नाही. हिंमतरावांनी तिला गेटवर नेऊन फलक दाखवला. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, याला काय सांगायचं ते सांगू दे, माझी छाती मला ठाऊक आहे. हिंमतरावांनी तिला परत गुलाबांच्या वाफ्यात पाठवलं. अर्ध्या तासानं ती पुन्हा आत येऊन बसली. मग मात्र त्यांनी फौजी शिस्तीत रिपोर्ट लिहिला: फलकावर एकशे बावन्न असताना कामचुकारपणा करून दोनदा आत बसली. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं एका कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तिला काढून टाकलं. हिंमतरावांनी हे सगळं क्षिप्राला सांगितलं होतं, गेटवरच. आणि क्षिप्रा, कलम सात लिहिणारी क्षिप्रा, म्हणाली होती की बरोबर केलंत, नियमाचा गैरफायदा घेतला तर उद्या नियमच काढून टाकतील. हे वाक्य तिनं लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता विद्यार्थ्यांच्या बससाठी गेटचा दांडा वर करता करता हिंमतराव खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले. ओठ निळे पडले होते. क्षिप्रा मागच्याच गाडीत होती. तिनं आणि दुसऱ्या गार्डनं मिळून त्यांना गाडीत घातलं आणि गुडगावच्या एका हॉस्पिटलात नेलं. तासाभरानं द्वारकावहिनी आल्या, हिंमतरावांच्या बायको, हातात घाईघाईत भरलेला डबा. कोणी जेवायच्या स्थितीत नव्हतं, पण बाईमाणूस हॉस्पिटलात रिकाम्या हातानं कसं जाणार!

डॉक्टर तरुण होती आणि थकलेली होती. तिनं क्षिप्राला बाजूला घेऊन विचारलं, हे काम काय करतात. गेटवर उभे असतात, क्षिप्रा म्हणाली. दिवसाचे किती तास? आठ. या हवेत? डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. क्षिप्रा म्हणाली की आमच्याकडं हवा चांगली आहे, गेटवर फलक आहे, एकशे साठच्या वर जात नाही, आणि गेलाच तर आमचा नियम आहे. नियमाचं सांगताना तिचा आवाज जरा चढलासुद्धा. डॉक्टरनं टेबलावरचं रजिस्टर पुढं ओढलं.

"तुमच्या विद्यापीठातून आलेला हा या महिन्यातला तिसरा माणूस," ती म्हणाली. "आधीचे दोघं माळी होते. तुमचा फलक काय सांगतो ते मला माहीत नाही. मी फुफ्फुसं बघते."

तिसरा? दोन माळी कधी आले, तिला पत्ता नव्हता. कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं तरी कुठं होतं म्हणा. द्वारकावहिनी बाकावर बसून डब्याचं झाकण उघडत होत्या आणि लावत होत्या. हिंमतरावांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. महिनाभर ज्याला मास्क लाव म्हणून ती रागवत होती, त्याला शेवटी मास्क लागला तो हा.

बुधवारी सकाळी ती गेटवर गेली ती थेट गार्डच्या केबिनवर चढली. माणसानं यंत्र बघायचं तर यंत्र असायला पाहिजे की नाही? छपरावर खिळे होते, तुटलेली पट्टी होती, कबुतरांची घाण होती. हवा मोजणारा पांढरा डबा नव्हता. तिनं दुसऱ्या गार्डला विचारलं. तो रेवाडीकडचा, सरळ माणूस. म्हणाला, डबा तर मार्चमध्येच नेला, माकडांनी उखडला होता म्हणून. मग फलकावर आकडा येतो कुठून? त्यानं वर बघितलं. तो म्हणाला, फलकातूनच येत असेल ना. त्याला वाटत होतं फलकच हवा हुंगतो. हिंमतरावांनाही तसंच वाटत होतं, जुना डबा गेला तो नवा फलकात बसवला असेल म्हणून. आणि डबा नेला कुठं? गार्ड म्हणाला, मोठ्या साहेबांच्या फुलांच्या घरात.

कुलगुरूंच्या ऑफिसच्या मागं काचेचं घर होतं. त्यात ऑर्किड होती, सिक्कीमहून आणलेली, नाजूक, परदेशी पाहुण्यांना दाखवायची. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची पाहणी करायला समिती यायची होती, म्हणून दार उघडं टाकून काचा पुसायचं काम चाललं होतं. क्षिप्रा आत गेली. आत गार होतं. छताच्या नळ्यांतून बारीक तुषार पडत होते. चार कोपऱ्यांत चार एअर प्युरिफायर घुमत होते, माणसाच्या छातीएवढे उंच. आणि जांभळ्या फुलांच्या मधोमध, तारेला टांगलेला, तो पांढरा डबा. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा होता. एकशे बावन्न.

तिनं खुळ्यासारखं फुलाला हात लावून बघितला. दीर्घ श्वास घेतला तर छातीत काही टोचलं नाही, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे मार्चपासून गेटवर झळकत होती ती ऑर्किडच्या श्वासाची हवा. फुलं काय श्वास घेतात ते बाहेर लिहायचं आणि त्याच्या भरवशावर माणसांना उन्हाधुरात उभं करायचं. आणि हे सगळं काचेच्या घरात, लपवायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती. काचा पुसणाऱ्यानं विचारलं, मॅडम, पाणी आणू का.

तिथून ती तडक गुणवंत बोरकुट्यांच्या खोलीत शिरली. बोरकुटे म्हणजे विद्यापीठाच्या इमारती, बागा, वीजपाणी बघणारे अधिकारी. नागपूरकडचे, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन इथं लागलेले. विद्यापीठात मराठी माणसं मोजून तीन, क्षिप्रा, सुभेदार आणि हे. गणपतीत तिघं एकत्र आरतीला असायचे. क्षिप्रा दार न वाजवता आत गेली आणि तोंडाला येईल ते बोलली. खोटारडे म्हणाली, खुनी म्हणाली. बोरकुट्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून फाइल काढली, एक पान उघडलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

प्रस्ताव चार ओळींचा होता. माकडांच्या उपद्रवामुळे हवामापन संयंत्र सुरक्षित व बंदिस्त जागी हलवणे. खाली विद्यापीठाच्याच आतल्या समितीची मंजुरी. समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, सगळे ठराव त्यावरच फिरायचे, सभासद अंगठा दाखवायचे, आणि त्या पडद्याचा फोटो छापून फायलीला लावायचा, अशी तिथली पद्धत. फोटोत सात सभासद. सात पिवळे अंगठे. तिसरा अंगठा डॉ. क्षिप्रा आठल्ये यांचा. वेळ सकाळी नऊ सतरा, प्रस्ताव आल्यापासून चौथं मिनिट.

तिला तारीख आठवली. त्या दिवशी ती विमानतळावर होती. उघड्यावर राबणाऱ्यांचे हक्क या विषयावर भाषण द्यायला निघाली होती, ते शालवालं भाषण. रांगेत उभी असताना फोन वाजला, तिनं न वाचता अंगठा दाबला. शरबतीनं अंगठा लावला तो अक्षर येत नव्हतं म्हणून. हिला सगळी अक्षरं येत होती, तीन भाषांतली येत होती, आणि तरी ऐन वेळी ही बाई अंगठेबहाद्दर निघाली.

"मला कोणी खोटं कर म्हणून सांगितलं नाही, मॅडम," बोरकुटे म्हणाले. "तेवीस दिवस गेट रिकामं राहिलं म्हणून वरून फक्त विचारणा झाली. मग माकडं आली. सुरक्षित जागा शोधा म्हणाले, मी शोधली. तुमच्या कलमात फलकावरचा आकडा लिहिलाय. हवेतला लिहिला असता तर मला जागा सापडली नसती."

क्षिप्रा खुर्चीत बसली ती बसलीच. ज्या कलमावर ती दोन हिवाळे मिरवली, त्याच कलमानं डबा फुलांत नेला. कलम नसतं तर डबा छपरावर राहिला असता, आकडा खरा दिसला असता, निदान हिंमतरावांनी मास्क तरी लावला असता. तिला रडूही येईना. बोरकुटे तिच्यासाठी पाणी ओतत होते.

ती कुलगुरूंकडं गेली. कुलगुरूंनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं, सुभेदारांबद्दल वाईट वाटलं म्हणाले, फुलं पाठवतो म्हणाले. फुलं! डब्याचं उद्याची समिती गेल्यावर जरूर बघू म्हणाले. आणि समितीला गेटवर उभं राहून कलम सातची माहिती तिनंच द्यायची आहे, तिच्यासारखं कोणी सांगू शकत नाही, याची गोड शब्दांत आठवणही दिली.

दुपारी ती हॉस्पिटलात गेली. हिंमतराव शुद्धीवर होते, उशीला टेकून बसले होते. डॉक्टर म्हणाली होती की जीव वाचला, पण आता पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागेल, आणि हे आता कायमचं. काला अंबला अनवाणी जाणाऱ्या माणसाला ते कसं सांगायचं, या विचारात द्वारकावहिनी तोंड फिरवून बसल्या होत्या. हिंमतरावांनी मास्क बाजूला केला आणि पहिलं विचारलं ते हेच, की आज फलकावर किती होता.

क्षिप्रानं सगळं सांगितलं. डबा, फुलं, फाइल, स्वतःचा अंगठा, काही मागं ठेवलं नाही. तिला वाटलं होतं ते चिडतील, निदान शिवी घालतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की द्वारकावहिनी घाबरून उठल्या. मग ते म्हणाले, "मी तिला दोनदा परत पाठवली."

"सुभेदारसाहेब, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं. ती सांगत होती." त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत सगळे थांबले. "सगळ्या विद्यापीठात एक तीच बरोबर मोजत होती, ताई. आणि मी तिच्यावर रिपोर्ट लिहिला."

बरोबर केलंत असं कोण म्हणालं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं क्षिप्राला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी गेट सजलं होतं. झेंडूच्या माळा, रांगोळी, गुच्छ घेतलेल्या विद्यार्थिनी. बागेत माळी पाइप धरून उभे, कारण समितीला हिरवळ ओली दिसायला हवी. हवा इतकी दाट होती की रस्त्यापलीकडचं पेट्रोल पंपाचं छप्पर दिसत नव्हतं, आणि त्या धुरकटात फलक पिवळाजर्द चमकत होता, एकशे बावन्न. विद्यार्थिनींनी मास्क लावायचे नाहीत असं सांगितलेलं होतं, फोटो यायचे होते.

पावणेदहाला क्षिप्रा काचेच्या घरात गेली. तारेवरून डबा काढला आणि छातीशी धरून निघाली. डबा बॅटरीवर चालायचा, आकडा वायफायनं जायचा, त्याला कुठंही न्या. हिरवळीवरून, कुलगुरूंच्या खिडकीखालून, ती सरळ चालत आली. माळी बघत राहिले. कोणी अडवलं नाही. साडी नेसलेली बाई छातीशी डबा धरून निघाली तर लोकांना वाटतं समितीसाठीच काहीतरी असेल. गेटवर आल्यावर तिनं तो केबिनच्या भिंतीवर टांगला, हिंमतराव ज्या खिळ्याला टोपी अडकवत त्या खिळ्याला. त्यांच्या नाकाच्या उंचीला.

दोन मिनिटं काही झालं नाही. मग फलकावरचे एकशे बावन्न गेले आणि एकशे नव्वद आले. विद्यार्थिनी बोलायच्या थांबल्या. दोनशे सत्तर. अक्षरं पिवळ्याची केशरी झाली. त्याच वेळी समितीची पांढरी गाडी रस्त्यावरून वळली, आणि विद्यापीठाच्या आतून कुलगुरू हसत हसत पुढं आले, मागं बोरकुटे. तीनशे चाळीस. अक्षरं लाल झाली.

रेवाडीकडचा गार्ड दांड्याच्या दोरीला हात लावून उभा होता. त्यानं फलक बघितला, समितीची गाडी बघितली, आणि मग क्षिप्राकडं बघितलं.

"कलम सात," क्षिप्रा म्हणाली.

त्यानं दोरी सोडली. दांडा खालीच राहिला. तो वळला आणि कँटीनकडं चालायला लागला, आधी हळू, मग भराभर. दुसरे दोन गार्ड त्याच्या मागं गेले. हिरवळीवर एका माळ्यानं पाइप खाली टाकला, मग दुसऱ्यानं. पाणी नुसतंच वाहत राहिलं. झाडूवाल्या बायका झाडू भिंतीला टेकवून निघाल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी मागं वळून बघितलं नाही. दोन मिनिटांत गेटवर काम करणारं माणूस उरलं नाही, आणि समितीची गाडी दांड्याबाहेर हॉर्न वाजवत उभी राहिली. वर फलकावर चारशे अठरा.

कुलगुरूंचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पुसायला विसरल्यासारखं. ते गाडीतून उतरलेल्या समितीच्या बाईंना दांड्यावरूनच सांगायला लागले की यंत्र बिघडलंय, आज सकाळीच बिघडलंय. बोरकुटे त्यांच्या मागं उभे होते. साठी ओलांडलेला, दुसरी नोकरी टिकवायला धडपडणारा माणूस. त्यांनी घसा साफ केला.

"नाही सर," ते म्हणाले. "आत्ता दुरुस्त झालं."

समितीच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि क्षिप्राकडं बघून विचारलं की हे सगळं काय आहे. क्षिप्राला सांगायचं होतं, तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण त्याआधी तिचा फोन वाजला. द्वारकावहिनींचा नंबर होता. फोनवर हिंमतराव होते. मागं ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चारशे अठरा."

त्यांनी तो आकडा स्वतःशी पुन्हा म्हटला. मग म्हणाले, "तो माझा रिपोर्ट फाडून टाका, ताई. नाही, फाडू नका. फायलीत राहू द्या. त्याच्याखाली लिहा की शरबती खरं बोलत होती, सुभेदार चुकला. आकडा लिहा. आणि किती वाजता घेतला तेही लिहा, वेळ नसली तर आकड्याला अर्थ नाही."

क्षिप्रानं घड्याळ बघितलं. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. एका विद्यार्थिनीकडून तिनं स्वागतासाठी छापलेलं पत्रक घेतलं, त्यावर तिचाच शालीतला फोटो होता. तिनं ते उलटं केलं आणि दांड्यावर टेकवून, सगळ्यांच्या देखत, त्यांनी सांगितलं तसं शब्दन्‌शब्द लिहून काढलं. मग एक ओळ स्वतःची घातली, की सुभेदारांना बरोबर केलंत असं सांगणारी आणि हा डबा फुलांत न्यायला मंजुरी देणारी मीच. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि सही केली.